शेंदूर लावलेला सांधा

‘सब ठीक है’ हे शब्द ऐकले की मला अजूनही स्वस्थ बसवत नाही. बाकीची माणसं ते ऐकून निश्चिंत होतात, मी उठून चपला शोधायला लागतो. याला कारण माझी नोकरी. इंग्रजांच्या अमदानीत काशीतल्या एका बर्फाच्या कारखान्यात मी पुष्कळ वर्षं देखरेखीचं काम केलं. तिथे रोज सकाळी फाटकातून आत शिरताना मी विचारायचो, ‘क्या हाल है?’ आणि सगळीकडून एकच उत्तर यायचं. यंत्र बंद पडायच्या आदल्या दिवशीही तेच, आणि आदल्या तासालाही तेच.

संपादकांनी नोकरीतल्या गमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती होत्या, नाही असं नाही. एका मठाच्या महंतांना गंगाजलाचाच बर्फ लागे. त्यांचा माणूस स्वतः घागरी भरून आणी, आमच्या डब्यात ओती, आणि तो डबा दुसऱ्या कुणाच्या डब्याशी बदलू नये म्हणून पाणी गोठेपर्यंत शेजारी घोंगडी अंथरून बसे. आमचं घर मंगला गौरीच्या देवळाजवळ, घराणं वैदिकांचं. मी बर्फाच्या कारखान्यात लागलो तेव्हा माझ्या काकांनी बर्फाचा खडा पळीत घेऊन, हे सोवळ्यात चालेल का, यावर शेजारच्या शास्त्रीबुवांशी इतका वेळ चर्चा केली की निर्णय लागेपर्यंत खडा उरला नाही. पण खरं सांगायचं तर या गमती मला नंतर गमतीच्या वाटल्या. त्या दिवसांत मी सदैव धास्तावलेला असायचो, आणि त्या धास्तीबद्दलच मला लिहायचं आहे.

आधी बर्फ कसा होतो ते सांगतो. अमोनिया नावाचा एक गॅस असतो. यंत्र त्याला दाबतं, गार पाण्याने तो निवतो आणि त्याचा द्रव होतो. तो द्रव नळ्यांमधून खाऱ्या पाण्याच्या मोठ्या हौदातून फिरवला की हौदातली सगळी उष्णता तो ओढून घेतो. त्या हौदात गोड्या पाण्याचे उंच डबे बुडवून ठेवायचे, म्हणजे डब्यातलं पाणी गोठून त्याची सिल्ली, म्हणजे बर्फाची लादी, होते. पुन्हा तो गॅस यंत्राकडे येतो, पुन्हा दाबला जातो, असं चक्र अखंड चालू. बर्फ गोरगरिबांच्या सरबतात जातो आणि कलेक्टराच्या बंगल्यावरही जातो, म्हणून लोकांना वाटतं हा थंड धंदा आहे. पण तो गॅस नळात आहे तोवर सेवक, आणि नळाबाहेर पडला की काळ. डोळे जातात, छाती जळते, आणि बंद खोलीत सापडलेला माणूस दार शोधता शोधताच पडतो. आमच्या हौदाच्या खोलीला दार एकच होतं. यंत्राकडून निघालेला जाड नळ त्या दाराच्या अगदी कडेने, माणसाच्या खांद्याच्या उंचीवरून बाहेर जायचा. आत सात-आठ माणसं कामाला असत. हे चित्र एकदा डोक्यात बसलं की झोप कशी लागणार?

यंत्रावर महादेव मिस्त्री होता. केस पांढरे, मिशा अजून काळ्या, आणि हात असा की बंद पडलेलं यंत्र त्याच्यासमोर फार वेळ रुसून बसत नसे. यंत्र बंद पडलं की कारखान्याचे मालक सेठजी घाटावरून धावत येत, कपाळाला हात लावून बसत, आणि महादेव तेलाने माखलेला बाहेर येऊन ‘चालू हो गयी’ म्हणाला की त्याला सगळ्यांदेखत इनाम मिळे. एकदा तर फेटा बांधला. मला मनातून वाटे, बंद पडल्यावर चालू करणाऱ्याला फेटा, मग बंद पडूच न देणाऱ्याला काय? त्याला काहीच नाही, कारण तो काय करतो हे दिसतच नाही. उलट माझ्या आधीच्या देखरेख करणाऱ्या गृहस्थांच्या काळात एकाने ‘पट्टा उसवतोय’ असं येऊन सांगितलं, तर त्यानेच उसवला म्हणून त्याला काढून टाकलं होतं. तेव्हापासून कारखान्यात कुणाला काही दिसत नसे, ऐकू येत नसे आणि वास येत नसे.

त्यात दुसरी एक भानगड होती. आपल्याकडे अशुभ बोलू नये म्हणतात. घरात आजाऱ्याबद्दल बोलताना आई ‘बरं आहे हो’ म्हणायची, मग तो अंथरुणाला खिळलेला का असेना. कारखान्यातही तसंच. यंत्र म्हणजे त्यांची माई. कामाला लागण्याआधी प्रत्येकजण तिला हात लावून तो हात कपाळाला लावी. जिच्यापुढे सकाळी हात जोडले तिच्याबद्दल दुपारी ‘ही मोडणार आहे’ असं तोंडातून काढायचं म्हणजे आपणच तिला नजर लावायची. मी एकदा विचारलं, ‘अरे, नुसतं मला सांगायला काय जातं?’ तर भगेलू म्हणाला, ‘पंडितजी, शुभ-शुभ बोला जाता है।’ भगेलू हा डबे उचलणारा, तीन पोरांचा बाप, मोठ्या आवाजाचा आणि मऊ मनाचा माणूस.

हात लावायची त्यांची चाल मला आवडायची, म्हणून मी तीच धरली. म्हटलं, माईला हात लावता ना, मग एकाच ठिकाणी का? तिच्या मनगटाला लावा, गुडघ्याला लावा. म्हणजे जिथे दांडा फिरतो तिथे, जिथे दांडी आतबाहेर करते तिथे. हाताला चटका बसला, थरथर लागली, ओल लागली, तर मला येऊन एवढंच सांगायचं की माईचा जीव बरा नाही. मोडेल, फुटेल, असं काही म्हणायचं नाही. आणि सांगणाऱ्याला ‘तू काय केलंस’ हे मी विचारणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. रोज हात लावू लागले, माना डोलावू लागले, आणि ‘सब ठीक है’ म्हणू लागले. मी घरी येऊन उमेला, माझ्या बायकोला म्हटलं, या लोकांच्या तोंडाला मी काय बांधलंय कुणास ठाऊक. ती म्हणाली, ‘तुम्ही विचारता तेव्हा तुमचा चेहरा बघितलाय का? मलासुद्धा काही सांगावंसं नाही वाटत.’ मी हसण्यावारी नेलं.

फक्त एक बदल दिसला. चैत्रात महादेव एकदा मला म्हणाला, ‘आप तो संकठाजी के पास रहते हैं। माई के लिए सेंदुर ला दीजिए।’ संकठा देवी संकटं हरते अशी काशीत सगळ्यांची श्रद्धा. दाराजवळच्या नळाचा सांधा होता, तिथे या लोकांनी माईची जागा मांडली. अळशीच्या तेलात कालवलेला शेंदूर लावला, वर झेंडूचं फूल. मला बरं वाटलं. निदान यंत्राकडे लक्ष तरी जातंय. मी उमेला सांगितलं, देवळातून शेंदराची पुडी आणत जा. ती म्हणाली, ‘मी शुक्रवारी जातेच आहे.’ मग दर शुक्रवारी पुडी येऊ लागली, आणि सांध्यावरचं शेंदराचं कवच जाड होत गेलं. आत शिरताना मीही त्याला हात जोडत असे. जेवणाच्या सुट्टीत माणसं तिथेच दारात वारा येतो म्हणून बसत.

ज्येष्ठात लग्नांचा हंगाम ऐन भरात असताना, भर दुपारी भगेलू माझ्यासमोर येऊन उभा राहिला. घाम पुसत म्हणाला, ‘पंडितजी, माई का जी ठीक नहीं है। भीतर ठक-ठक होत है।’

मी यंत्राजवळ गेलो, कान लावला. मला नीट काही कळेना. महादेव तोंडात पान धरून नुसता बघत होता. मी त्याला विचारलं, तर ‘हमको तो ठीक लगत है’ म्हणाला. काय करावं? थांबवावं तर सिल्ल्या अर्धवट, सेठजींच्या मित्राच्या मुलीचं लग्न आणि बाहेर गाड्यांची रांग. न थांबवावं तर पहिल्यांदाच एक माणूस येऊन बोलला होता. मी म्हणालो, थांबवा.

संध्याकाळपर्यंत यंत्र उघडून बसलो. दांडी बघितली, झडपा बघितल्या, एकेक स्क्रू हाताने फिरवून बघितला. काही नव्हतं. अगदी काहीही नव्हतं.

त्या संध्याकाळी फाटकाशी एक गृहस्थ आले होते. त्यांच्या वडिलांचा देह घरात होता आणि थोरला भाऊ कलकत्त्याहून निघाला होता. तो येईपर्यंत ठेवायला बर्फ हवा होता. अशा गिऱ्हाइकाला आम्ही कधी परत पाठवत नसू. त्या दिवशी द्यायला काही नव्हतं. ते गाड्यांच्या मधून वाट काढत परत गेले. थोरला यायच्या आत मणिकर्णिकेवर न्यावं लागलं असं नंतर कळलं. भगेलूनेही ते ऐकलं. आजही त्या माणसाची पाठ मला दिसते, आणि आपण बरोबर केलं असं मी त्या पाठीला सांगू शकत नाही.

सेठजी आले ते लालबुंद होऊन. ‘किसने कहा था?’

‘मशीन हमने बंद करवायी,’ मी म्हटलं.

‘वह तो देख रहे हैं। आपसे किसने कहा?’

सांगायला चार तोंडं पुढे होतीच. भगेलूचं नाव निघालं. सेठजी म्हणाले, उद्यापासून याला फाटकात घेऊ नका. भगेलू खाली बघत उभा होता आणि बाकीचे सगळे माझ्याकडे बघत होते. मला कळत होतं की आज हा गेला तर या कारखान्यात पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही, आणि एक दिवस त्या एकाच दाराच्या खोलीतून आम्ही माणसं उचलून बाहेर आणू. घरी बायको, म्हातारी आई, आणि दुसरी नोकरी कुठे मिळणार याचा पत्ता नाही. तरी म्हणालो, ‘सेठजी, पहले हमको निकालिए। बोलने को हमीं ने कहा था।’

सेठजींनी एकदा भगेलूकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, ‘पंडितजी, अगली बार कुछ न निकला तो दोनों जाइएगा।’ आणि निघून गेले.

पुढचे महिने कसे गेले ते विचारू नका. भगेलूला सगळे ‘जोतिसीजी’ म्हणून चिडवत. कुणी शिंकलं तरी ‘जोतिसीजी, माई का जी कैसा है?’ तो हसायचा, पण माझ्याकडे बघायचं टाळायचा. सकाळी पुन्हा तेच, ‘सब ठीक है।’ माझी भूक गेली. रस्त्यात कुठे भांडं पडलं तरी मी दचकायचो.

भाद्रपदात विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी यंत्र बंद, सगळं धुवायचं, जुना शेंदूर खरवडून नवा लावायचा, आणि यंत्रापुढे नारळ फोडायचा मान महादेवचा. त्याचा तो मान माझ्याही आधीपासून चालत आलेला. मी रात्रभर विचार करून एक वेडं धाडस केलं. पूजा झाल्यावर नारळ भगेलूच्या हातात दिला, आणि सगळ्यांसमोर म्हणालो, ‘इसने बताया था। गलत निकला, फिर भी बताया। नारियल यही फोड़ेगा।’

नारळ दुसऱ्या फटक्याला फुटला. महादेव प्रसाद न घेताच निघून गेला. घरी येऊन मी जेवलो नाही. एका चुकलेल्या माणसासाठी मी कारखान्यातला एकमेव कसबी माणूस दुखावला होता. दुसऱ्या दिवशी तो येईल की नाही याचीच मला खात्री नव्हती.

तो आला होता. फाटकात उभा होता, तोंडात पान नव्हतं. म्हणाला, ‘पंडितजी, एक बात कहें तो नाराज तो नहीं होंगे?’

‘नहीं होंगे.’

तो मला हौदाच्या खोलीच्या दाराशी घेऊन गेला. आदल्या दिवशी सगळीकडचा शेंदूर खरवडला होता, फक्त त्या सांध्यावरचा नव्हता. त्याच्यावरच नवा थर चढवला होता. महादेवने फूल उचलून बाजूला ठेवलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, ‘ये माई नहीं हैं।’

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. तेलातला शेंदूर वाळला की दगडासारखा होतो. मिस्त्री लोक गळका सांधा बुजवायला तोच वापरतात. मला हे ठाऊक होतं. पण फुलाखालचा शेंदूर मला देवाचा वाटला.

‘कब से?’

‘फगुआ से।’

होळीपासून. म्हणजे मी रोज हात जोडत होतो तेव्हा. ज्येष्ठात आम्ही यंत्राचं पोट उघडून ठक-ठक शोधत होतो तेव्हाही. माणसं तिथे पाठ टेकून जेवत होती तेव्हाही.

सगळ्यांना बाहेर काढलं, यंत्र सावकाश थांबवलं. गंधकाची काडी पेटवून सांध्याजवळ नेली. गॅस झिरपत असेल तर गंधकाचा धूर पांढरा होतो, ही आमची परीक्षा. दुधासारखा पांढरा झाला. झडपा बंद करून नळात उरलेला गॅस पाण्याच्या हौदात सोडला, तोंडाला ओली फडकी बांधून आम्ही दोघांनी शेंदूर खरवडला. खाली नळाच्या मानेला चीर होती, माझ्या मधल्या बोटाएवढी. खरवडता खरवडता तिची कड हातात आली.

मी त्याला नाराज होणार नाही असं सांगितलं होतं, म्हणून ओरडलो नाही. एवढंच विचारलं, बोलला का नाहीस? तो म्हणाला, ‘पहले डर था, सब कहेंगे महादेव के हाथ से हुआ। फिर सबने फूल चढ़ा दिया। अब माई कहके, किस मुँह से कहते कि टूटी है?’ थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, ‘कल आपने गलत बोलने वाले को नारियल दिया। हम तो सही जानते थे।’ आणि त्या मोठ्या मिशांच्या माणसाने गमछ्याने डोळे पुसले.

सेठजींनी चीर पाहिली, एकमेव दार पाहिलं आणि कलकत्त्याहून नवा नळ मागवला. जाता जाता मात्र म्हणाले, ‘पंडितजी, इतने दिन माई ने ही थामे रखा न?’ मी वाद घातला नाही. असेलही.

त्यानंतर माणसं बोलू लागली. इतकी बोलू लागली की दर दोन घटकांनी कुणीतरी माईचा जीव बरा नाही म्हणून यायचं, आणि बहुतेक वेळा काही नसायचं. मी प्रत्येक वेळी जाऊन बघायचो. मी असेपर्यंत त्या यंत्राने कुणाला इजा केली नाही. मी गेल्यावर नवे गृहस्थ आले. त्यांनी या सगळ्याला रिकामटेकडेपणा ठरवून बंद केलं असं भगेलू एकदा घाटावर भेटला तेव्हा म्हणाला. मी त्याला विचारलं, मग आता कसं चाललंय? तो म्हणाला, ‘सब ठीक है।’

पण मला त्या चीर सापडलेल्या दिवसाचं राहिलेलं सांगायचं आहे. संध्याकाळी घाटावरून पायी घरी येताना हातांचा शेंदूर निघत नव्हता. संकठा घाटाच्या पायऱ्यांवर हात घासत बसलो, आणि मनात आलं, ही पुडी आणायला मी उमेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, मी शुक्रवारी जातेच आहे. दर शुक्रवारी. ती का जात होती? संकठेला कुणी उगाच शुक्रवार धरत नाही.

ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, शेंदराखाली काय निघालं तेही. ती ताटातले खडे बाजूला करत ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘मग त्या महादेवला तुम्ही रागावलात?’

‘नाही.’

ताटातला तिचा हात थांबला. ‘मग मी एक सांगितलं तर रागावणार नाही ना?’

चैत्रातल्या गौरीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी तिच्या हाताला पहिल्यांदा लागली होती. काखेत एक गाठ. तेव्हापासून ती शुक्रवारी देवीचा अंगारा आणून लावत होती, आणि घरात काही अशुभ नको म्हणून कुणाला बोलली नव्हती. मी रोज तिला विचारत होतो, कशी आहेस, आणि ती म्हणत होती, ठीक आहे. मी तिच्यासमोर बसलो आणि मला रडूच फुटलं. ती मलाच समजावत राहिली.

लेडी डॉक्टरने गाठ काढली. तिनंही विचारलं, कधीपासून? आणि उत्तर ऐकून नुसती मान हलवली. मग म्हणाली, आणखी उशीर केला नाहीत हे नशीब. ती मान हलवलेली मला अजून आठवते, आणि अजून भीती वाटते.

आज हे लिहितोय तेव्हा उमा आत चहा ठेवते आहे. रोज सकाळी चहा आणला की मी तिला विचारतो, आणि ती मुद्दाम, मला चिडवायला म्हणून, कारखान्यातल्या माणसांसारखं म्हणते, ‘सब ठीक है।’ मी पेला खाली ठेवतो आणि वाट बघतो. थोड्या वेळाने ती समोर बसते आणि सांगू लागते. गुडघा, दाढ, रात्री लागलेला ठसका. बहुतेक वेळा काही नसतं. मी चहा गार होऊ देतो आणि सगळं ऐकून घेतो.